काहूनकाका

आमच्या काहूनकाकांना कुणी "आज अगदी ताजेतवाने दिसताय" म्हटलं, की ते आधी स्वतःच्या सदऱ्याकडे बघत आणि मग बोलणाऱ्याकडे. याला आता काय पाहिजे असेल, असा चेहरा. नागपुरात संध्याकाळी निघणाऱ्या एका छोट्या दैनिकात ते मुख्य उपसंपादक होते. बातमीदारानं लिहिलेला मजकूर छापायला जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचा आणि निम्मा होऊन बाहेर पडायचा. प्रत्येक शब्दापाशी त्यांचा एकच प्रश्न, "हा काहून आला?" काहून म्हणजे कशासाठी. म्हणून ते काहूनकाका. तोंडावर आम्ही नुसतं काका म्हणायचो.

मी तिथे लागले ती सत्तर सालाच्या आसपास. मराठी घेऊन एम. ए. झालेली, कॉलेजात निबंधाची बक्षिसं मिळवलेली. आपल्या भाषेला तोड नाही, अशी माझी खात्रीच होती म्हणा ना. पहिल्याच आठवड्यात कन्हान नदीला पूर आला. फोनवर आलेल्या माहितीवरून मी 'रौद्र रूप धारण केलेल्या कन्हानने' अशी झोकात सुरुवात केली. काकांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "तू गेली होती का वं कन्हानले?" मी नाही म्हटलं. "मंग तिचं रूप कोनं पाह्यलं? पुलावर पाणी आहे का, एसटी चालू आहे का, ते लिही. लोकायले घरी जायचं आहे." माझं रौद्र रूप त्यांनी एका रेघेत संपवलं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. या माणसाला माझी पदवी सलतेय, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. शिवाय कचेरीत मी एकटीच बाई. पोरगी कंटाळून आपणहून निघून जावी, म्हणून चाललंय हे सगळं, असंही वाटायचं. मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. बाकीच्यांचा मजकूर ते कसा तपासतात, ते मुद्दाम बाजूला उभी राहून बघायचे. पण छे, तिथेही तीच कापाकापी. संपादकांचा अग्रलेखसुद्धा सुटत नसे. बोलणं त्यांचं असं अघळपघळ नागपुरी, आणि कागदावर मात्र एक अक्षर जास्तीचं नाही.

काही शब्द त्यांच्या लेखी कायमचे संशयित होते. 'असे समजते' दिसलं की विचारायचे, "कोनाले समजते? त्याचं नाव लिही, नाहीतं तुले समजत नाही असं लिही." 'प्रचंड' आणि 'भव्य' यांना तर दाराशीही उभं करत नसत. लांबलचक वाक्य आलं की म्हणायचे, "लिहिणारा काहीतरी झाकून राहिला." मला हे सगळं वेड्यासारखं वाटायचं. मग एकदा एका वाचनालयाच्या वार्षिक सभेचं वृत्त आलं. 'सभा अत्यंत खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' असं चिटणीसांनी स्वतःच लिहून पाठवलं होतं. काका म्हणाले, "न विचारता काहून सांगून राहिला हा? भांडण झालं असन. जाऊन पाह्य." मी गेले. अहो, खुर्च्या उडाल्या होत्या तिथे. अध्यक्षांचा चष्मा फुटला होता आणि चिटणीस घरी पाय शेकत बसले होते.

त्या दिवसापासून मला हा रोग जडला. बोलणाऱ्याच्या मागे काय दडलंय, ते शोधायची खोड लागली. माझ्यासाठी एक स्थळ आलं, तेव्हा मावशी म्हणाली मुलगा फार मनमिळाऊ आहे. मी विचारलं, कुणाशी मन मिळालं त्याचं? आईनं कपाळाला हात लावला. स्थळ अर्थातच गेलं. पण माझी वाक्यं लहान झाली आणि काकांची पेन्सिल माझ्या कागदावर कमी फिरू लागली. त्यांनी कधी शाबासकी दिली नाही. दिली असती तर मला आधी संशयच आला असता.

आणि मग लकडगंजची आग लागली. कसला तरी बंद होता त्या दिवशी. तिथली एक लाकडाची वखार जळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे बातमीदार वसंतराव बातमी घेऊन आले. 'समाजकंटकांच्या टोळीने वखार बेचिराख केली. चार गुंडांना पोलिसांनी शिताफीने जेरबंद केले.' खाली चार नावं होती. तिसरं नाव मधुकरचं, काकांच्या एकुलत्या एका मुलाचं. कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. पोरगं रात्री घरी आलेलं नाही, एवढंच काकांना ठाऊक होतं. वसंतरावांनी कागद काकांच्या टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले.

काकांची पेन्सिल सवयीनं 'गुंड' या शब्दावर आली आणि थांबली. त्यांची अडचण माझ्या लक्षात आली. एरवी त्यांनी हा शब्द डोळे झाकून उडवला असता, आरोपी कुणाचाही पोरगा असो. आज उडवला तर सगळी कचेरी म्हणणार, पोराला वाचवलं. ठेवला तर आजवर आम्हाला शिकवलं ते खोटं. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "तू पाह्य वं. मी नाही पाहत," म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी काय काय कापणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच तर शिकवलं होतं! म्हणजे हात माझा आणि काम त्यांचं, असा तर डाव नाही? वसंतराव माझ्याकडे बघत होते, त्यांच्याही डोळ्यांत तेच. मी चिडून त्यांनाच विचारलं, आग लावताना कुणी पाहिलं? कुणी नाही. टोळी कुणी म्हटलं? पोलिसांनी. मग मी एकेक शब्द काढला. लकडगंजमधील एका वखारीला काल दुपारी आग लागली, या प्रकरणी पोलिसांनी चौघांना अटक केली, आणि नावं. एवढंच उरलं. वसंतराव म्हणाले, शिकवणी छान झालीय तुमची.

काका आत आले. माझ्या मजकुरातली एक मात्राही त्यांनी हलवली नाही. खाली फक्त एक वाक्य आपल्या हातानं लिहिलं, 'यांपैकी मधुकर हा या दैनिकाच्या मुख्य उपसंपादकाचा मुलगा आहे.' आता वसंतरावच गडबडले. राहू द्या काका, याची काही गरज नाही, म्हणू लागले. काका म्हणाले, "मजकूर कोनाच्या टेबलावरून गेला, हे वाचणाऱ्याले माहीत पाह्यजे. मंग करू दे त्याले संशय."

संध्याकाळी ते सगळ्या शहरानं वाचलं. काकूंनी कित्येक दिवस घराबाहेर पाऊल टाकलं नाही. पुढे काही महिन्यांनी खटला उभा राहिला आणि चारही पोरं सुटली. ती बातमी मी लिहिली, मथळा दिला 'चौघांची निर्दोष सुटका'. काकांनी विचारलं, न्यायाधीश काय म्हणाले? पुरावा नाही म्हणाले, मी सांगितलं. मग तेच लिही. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी भांडले. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे, एक शब्द राहिला तर काय आकाश कोसळणार आहे, असं बरंच काही बोलले. त्यांनी मान खाली घालून 'निर्दोष' खोडलं. त्याच आठवड्यात मधुकर भिलाईला नोकरीला निघून गेला आणि परत बापाशी बोलला नाही. मला त्या दिवशी काकांचा आलेला राग अजून पुरता गेलेला नाही. आणि एक किडा डोक्यात वळवळत राहिला, की बापालाच पोराचा भरवसा नसेल का?

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसले. मधूनमधून महाल भागातल्या त्यांच्या घरी जायचे. तब्येत पार उतरली होती. एका दुपारी चहा घेताना राहवलं नाही. आग मधुकरनं लावली होती का, असं मी सरळच विचारलं. काका म्हणाले, माहीत नाही. मग तो काय म्हणाला होता, मी विचारलं. त्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"मी त्याले विचारलंच नाही."

मला खरंच वाटेना. ज्या माणसानं साऱ्या गावाला प्रश्न विचारून हैराण केलं, तो घरात गप्प बसला? काकू कप न्यायला दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"तो हो म्हणला असता," काका म्हणाले, "तं मले ते छापावं लागलं असतं."

काकू कप न घेताच आत गेल्या.