टेकडीवरचं पांढरं प्यादं

दादा सुट्टीवर आला तेव्हा सीमेवरची गडबड वाढली होती. रेडिओवरच्या बातम्या जेवणं झाल्यावरच लावायच्या, असा आमच्या घरात न ठरवता ठरलेला नियम होता. आधी लावल्या की आई ताटावरून उठून जायची.

दादा पलटणीत उखळी तोफांवर होता. आल्या दिवशीच त्याने आईला समजावलं, "आमची तोफ टेकडीच्या आड राह्यते. समोरच्याले ते दिसतच नाही. गोळा वर जाते आन् टेकडी ओलांडून पलीकडे पडते." त्यातलं 'आड' आईने धरून ठेवलं. शेजारणींनाही ती तेच सांगे. तिला बरं वाटतंय हे पाहून मीही फार विचार करत नसे. रात्री मात्र मला झोप यायची नाही.

सुट्टी संपत आली तसा दादाने पुढच्या खोलीत एक खेळ मांडला. हाताची सवय सुटू नये म्हणून, म्हणाला. आमच्या प्रताप नगरच्या घरात चौकोनी फरश्या होत्या. एक फरशी म्हणजे पन्नास मीटर. चादरीखाली उशा सारून टेकड्या केल्या. बुद्धिबळातली काळी प्यादी शत्रू, पांढरी आपली. शत्रू चालवायला त्याचा मित्र सक्करदऱ्याहून सायकलने येई. दादा भिंतीकडे तोंड करून बसे, कारण तोफेला काहीच दिसत नाही. दिसायचं ते मला. पुढच्या टेकडीवरचं एकटं पांढरं प्यादं म्हणजे मी. दादा न पाहता अंतर सांगून गोळा टाके, मित्र फासा टाकून तो एखादी फरशी इकडेतिकडे सरकवे आणि तिथे शेंगदाणा ठेवे. मग मी सांगायचं, किती चुकला ते.

"तू कॉन्व्हेंटची. हुकूम इंग्रजीतच दे," दादा म्हणाला. ॲड म्हणजे आणखी पलीकडे, ड्रॉप म्हणजे अलीकडे.

मी हळूच म्हटलं, "ॲड पन्नास." शेंगदाणा एक फरशी सरकला. "ॲड पन्नास." आणखी एक. तोवर काळी प्यादी निघून गेलेली असत.

"हे तर बर्डीच्या बाजारात भाव करून राहिली, गा," मित्र हसला. "पाच वाढवा, पाच वाढवा. दुकान बंद व्हाची वेळ आली."

दादा हसला नाही. "काहून वं, एवढी भिऊन काहून राहिली? एक गोळा मुद्दाम लांब टाक. दुसरा मुद्दाम जवळ. शत्रू दोघांच्या मधात सापडला का मंग अर्धं, अर्धं करत ये. भिणाराचा गोळा कधीच पोचत नाही."

मला ते समजत होतं. पण आमच्या घरात मोठ्या भावाला 'दोनशे मीटर चुकलास' असं कोण म्हणतं? मी त्याची चूकसुद्धा पन्नास-पन्नासने सांगत होते. शिवाय जवळ टाका म्हटलं की माझं प्यादं जवळच उभं असायचं, आणि फासा कुठे पडेल याचा भरवसा नव्हता.

त्या संध्याकाळी काळी प्यादी नाल्यातून आली आणि मी मोजत बसले असताना टेकडीवर चढली. मित्राने माझं पांढरं प्यादं उचलून खिशात टाकलं.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही," दादा भिंतीकडेच पाहत म्हणाला. "तोफ आहे, गोळे आहेत. पाह्यणारं कोणी नाही."

"टेकडीवर एवढं पुढे कोण बसतं?"

"असते कोणीतरी."

"असते काय?" मित्र म्हणाला. "गेल्या खेपेले हाच तर..." आणि तो थांबला.

आई दारात उभी होती. हातात गहू पाखडायचं सूप होतं. मला वाटलं, तिने ऐकलं नसावं. पण ती आत आली, सूप खाली ठेवलं आणि फरशीवरच बसली.

"ते पुढचं प्यादं तू व्हय?" तिने दादाला विचारलं.

दादा पहिल्यांदाच खेळाकडे वळला. "हो," म्हणाला.

आई रडली नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. ती मित्राकडे हात पसरून म्हणाली, "काढ ते खिशातून. आन् पुन्हा मांडा. तो वाचते कसा, ते पाहू दे मले."

पुन्हा मांडलं. काळी प्यादी नाल्यातून निघाली. पहिला गोळा शत्रूच्या फार पलीकडे पडला, आणि काळी प्यादी माझ्या प्याद्यापासून एका फरशीवर येऊन थांबली. फासा एक घर चुकला की शेंगदाणा पांढऱ्यावर.

"ड्रॉप दीडशे," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की मित्राने मान वर केली.

"दीडशे?" दादाने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"दीडशे."

फासा पडला. शेंगदाणा काळ्या प्याद्यांमध्ये बसला. पांढरं जिथल्या तिथे उभं होतं.

"असंच होते ना रे तिथं?" आईने विचारलं.

"असंच करतात," दादा म्हणाला.

आईने काळी प्यादी स्वतःच्या हाताने एकेक उचलून परत नाल्यात नेऊन ठेवली.

"आणखी एकदा," ती मला म्हणाली.