फ्लॉपनंतरचे झटपटराव

झटपटराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. सलून त्यांचं स्वतःचं, गल्लीच्या तोंडाशी, दोन फिरत्या खुर्च्यांचं. गिऱ्हाईक नीट टेकायच्या आत त्याच्या गळ्याला कापड बांधलेलं असायचं. सलूनची जागाही त्यांनी अशीच घेतली होती, बाहेरून बघून. मागच्या खोलीला खिडकीच नाही हे किल्ली मिळाल्यावर कळलं. बायकोला लग्नाचं विचारलं तेही दुसऱ्याच भेटीत, सुटत्या बसच्या खिडकीतून. ती "हो" म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही, म्हणून बिचारे पुढच्या थांब्यापर्यंत धावत गेले.

"धावले म्हणून पदरात पडले," असं बायको अजूनही हसून सांगते.

सोमवारी सलून बंद. दुपारी शटर अर्धं खाली ओढून आत पत्त्यांचा डाव बसायचा. शेजारचा केमिस्ट दुपारच्या सुट्टीत यायचा, समोरचा शिंपी शिलाई मशीन झाकून यायचा. केमिस्टने मोबाईलवर होल्डेम पोकर शिकून घेतला होता आणि मग बाकीच्यांना शिकवला. पैशांचा विषय नव्हता. शिंपी शर्टाच्या बटणांचा डबा आणायचा, ती बटणं सगळ्यांत सारखी वाटायची, आणि ज्याची सगळ्यात आधी संपतील त्याने चहाचे कप विसळायचे.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं, ती झाकलेली. मग मधोमध तीन पानं उघडी टाकायची, ती सगळ्यांची सामायिक. त्या तिघांना म्हणायचं फ्लॉप. त्यानंतर आणखी एक, मग शेवटचं एक. ज्याची पाच पानं सर्वांत भारी, त्याचा डाव. दर टप्प्याला बटणं पुढे सारायची किंवा "चेक" म्हणून गप्प राहायचं. कुणी सारली की बाकीच्यांनी तेवढी घालायची, नाहीतर पानं टाकून उठायचं.

झटपटरावांनी "चेक" हा शब्द कधी उच्चारलाच नाही. फ्लॉप पडला रे पडला की यांची मूठभर बटणं पुढे. हातात काही असो, नसो. शिंपी मुळात भित्रा, तो लगेच पानं टाकायचा. केमिस्ट कपाळाला आठ्या घालून विचार करायचा आणि मग टाकायचा. त्यामुळे झटपटरावांच्या पुढे बटणांचा ढीग आणि कप मात्र कायम शिंप्याच्या हातात.

"धंदा असाच करायचा असतो," ते दोघांना सांगायचे. "समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही!"

अशात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा फिजिओथेरपिस्ट. त्याची आई निवृत्त झालेली. अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी नोकरीभर फोन घेतले होते. शांत बाई. आपण बोलत असलो की मधे तोडायच्या नाहीत, आणि आपलं बोलणं संपलं तरी थोडं थांबायच्या, आणखी काही यायचंय का म्हणून. एका सोमवारी त्या होणाऱ्या सुनेबरोबर सलून बघायला आल्या, तेव्हा डाव रंगात आला होता.

"खेळता का, विहीणबाई?" झटपटरावांनी विचारलं. त्या उत्तर देईपर्यंत पानं वाटूनही झाली होती.

सुरुवातीला त्या नुसती पानं टाकत राहिल्या. बघत होत्या, बस. मग एक डाव आला. झटपटरावांच्या हातात एक्का आणि राजा. स्वारी खूश. फ्लॉपच्या आधीच त्यांनी दणकून बटणं घातली, आणि नवल म्हणजे बाकीचे तिघंही तेवढी घालून डावात थांबले. फ्लॉप पडला: नव्वी, अठ्ठी, सत्ती, त्यातली दोन बदामाची. एक्क्या-राजाला त्यात काहीच लागलं नव्हतं. पण सवय ती सवय. बटणं पुढे.

शिंपी उठला. केमिस्ट उठला. विहीणबाईंनी बटणं मोजून शांतपणे पुढे ठेवली.

चौथं पान दुर्री. झटपटरावांनी आणखी मोठी मूठ सारली. विहीणबाईंनीही तेवढीच ठेवली. पाचवं पान चौकी. आता मागे कसं फिरायचं? झटपटरावांनी उरलेला सगळा ढीग दोन्ही हातांनी ढकलला.

"बघू या," विहीणबाई म्हणाल्या आणि पानं उघडली. दश्शी आणि नव्वी. म्हणजे नुसती नव्व्यांची जोडी!

मुलगी तोंडावर हात धरून हसत सुटली. शिंप्याने रिकामे कप गोळा केले आणि मोठ्या अदबीने झटपटरावांच्या हातात दिले.

घरी आल्यावर स्वारी फुगलेली. जेवताना एकदाच म्हणाले, "नव्व्यांची जोडी घेऊन कुणी बसतं का शेवटपर्यंत?"

"मला काय विचारता? त्यांनाच विचारा," बायको म्हणाली. नुसतं म्हणून थांबली नाही. विहीणबाईंना तिने फोनच केला की, अहो, केस कापायला या, आमच्याकडे मूड फार वाईट चाललाय.

त्या आल्या. झटपटरावांनी कापड बांधलं, केसांवर पाणी मारलं, कंगवा घेतला आणि राहवलं नाही.

"विहीणबाई, एक विचारू?"

"विचारा की. कात्री तुमच्या हातात आहे, नाही कशी म्हणू?"

"तुम्हाला त्या डावात भीती नाही वाटली?"

"तुमची? नाही हो." आरशात बघत त्या म्हणाल्या. "आमच्याकडे एकजण रोज फोन करायचा, आग लागली म्हणून. रोज ओरडायचा."

"मग तुम्ही बंब पाठवत नव्हता?"

"पाठवावाच लागतो. पण पोटात गोळा नाही येत. तुम्ही दर फ्लॉपला ओरडता, मग मी घाबरू कशाला?"

झटपटरावांनी कात्री बाजूला ठेवली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "तीन पानं उघडली की आधी बघायचं, डावात आहेत किती. समोर एकटाच असेल तर बहुतेक वेळा त्याला काही लागलेलं नसतं. तिघं असतील तर कुणाला ना कुणाला लागतंच. मग बघायचं, ही पानं कुणाच्या हाताला शोभतात. तुम्ही आधीच दणकून घातलं होतंत, म्हणजे मोठी पानं तुमच्याकडे. खाली आली नव्वी-अठ्ठी-सत्ती. ती आमच्यासारख्या किरकोळ पानं धरून बसलेल्यांची. आणि मग स्वतःला विचारायचं, मी सारलं तर माझ्यापेक्षा हलका कुणी थांबेल का? किंवा भारी कुणी उठेल का? दोन्हीला 'नाही' असेल तर चेक म्हणावं आणि पुढचं पान फुकटात बघावं."

"आणि समजा मला राजांची जोडी लागली, खाली दोन बदाम आहेत?"

"तेव्हा मात्र गप्प बसू नका! कुणीतरी हातात दोन बदाम धरून पाचव्याची वाट बघत असणार, पाच बदाम जमले की जोडी हरते. त्याला फुकट कशाला बघू द्यायचं? चांगली घसघशीत सारा."

झटपटरावांनी ओल्या केसांतून कंगवा फिरवला. मग एकदम म्हणाले, "म्हणजे ओल्या केसांसारखंच की! ओला केस लांब दिसतो. त्या हिशोबाने कापला तर वाळल्यावर आखूड. आधी केस बघायचा."

"असेल. माझे तरी बघूनच कापा."

पुढच्या सोमवारी विहीणबाईही डावाला येऊन बसल्या, आणि झटपटराव फ्लॉपला दोनदा चक्क "चेक" म्हणाले. केमिस्टने त्यांना ताप आहे का विचारलं. आणि मग त्यांच्या हातात दोन सत्त्या आल्या. फ्लॉप पडला: राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. तीन सत्त्या जमल्या! कुणी बदामाच्या आशेवर नाही, कुणी सलग पानांच्या आशेवर नाही, घाई करायचं काही कारणच नाही. ओठ घट्ट मिटून त्यांनी चेक केलं आणि उगाचच कंगवा पुसायला घेतला.

शिंप्याकडे राजा होता. त्याने आनंदाने बटणं सारली. केमिस्ट उठला. विहीणबाईंनी झटपटरावांकडे एकवार बघितलं आणि पानं टाकली.

"तुम्ही का टाकली?" शिंप्याने विचारलं.

"व्याही गप्प बसलेत. या खोलीत असं कधी झालंय?"

"अहो, काही नसेल म्हणून गप्प!" म्हणत शिंप्याने आणखी सारली, आणि शेवटी स्वतःच्याच दुकानातली बटणं घालवून बसला. झटपटराव जिंकले, पण पुरते खूश नव्हते.

"बोललो तरी तुम्हाला कळतं, नाही बोललो तरी कळतं. मग माणसाने करायचं काय?"

"दोन्ही करायचं," विहीणबाई म्हणाल्या. "आलटूनपालटून."

लग्न छान पार पडलं. मुलगी सासरी रुळली, आणि सोमवारच्या डावाला विहीणबाई नेमाने येऊ लागल्या. झटपटराव काही अंतर्बाह्य बदलले नाहीत. गिऱ्हाईकाच्या गळ्यात कापड अजून तसंच पडतं, आणि एखाद्या सोमवारी जुनी खोड उसळते, मग कप विसळावे लागतात. पण आता फ्लॉप पडला की त्यांची नजर आधी माणसांवरून फिरते, मग पानांवर येते.

परवाच्या डावात शिंपी आणि केमिस्ट आधीच उठले होते. उरले दोघं, व्याही आणि विहीण. आधी बटणं वाढवली होती ती झटपटरावांनीच. फ्लॉप पडला: एक्का, सत्ती, दुर्री, तीन रंगांची. विहीणबाई म्हणाल्या, "चेक." झटपटरावांनी पानांकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि मूठभर नाही, मोजकीच बटणं हळूच पुढे केली.

विहीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. फोनवरचा आवाज ओळखणाऱ्या त्या कानांना कुठेच काही ऐकू येईना. शेवटी त्यांनी पानं टाकली.

"एक्का होता ना?"

झटपटरावांनी आपली पानं, एक राणी आणि एक गुलाम, उलटी गड्डीत सारून दिली आणि पत्ते पिसायला घेतले.

"सांगा ना हो!"

"चहा घेता ना?" ते म्हणाले.

घरी बायकोने विचारलं, मुलीने फोन करून विचारलं, केमिस्टने तर चहाची लालूच दाखवली. सगळ्यांना ते नुसते हसून दाखवतात. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या पोटात एक गोष्ट राहिली आहे, आणि तिचा त्यांना एवढा आनंद झालाय की परवापासून दाढी करताना ते शीळ घालतात.