कोरी पानं वाचणारे जमादार

मी लिंबाजीला त्याच्या मुलीच्या सोयरिकीला बसलेल्या पाहुण्यांसमोरून उचलून ठाण्यात आणलं. त्यानं काहीही केलेलं नव्हतं. असं करू नका म्हणून ग्यानोबा जमादारांनी मला तीनदा सांगितलं होतं. ते आता हयात नाहीत, म्हणून हे लिहायचं धाडस.

तेव्हा मी उदगीर भागात नवा फौजदार होतो. प्रशिक्षणात नंबर काढलेला, म्हणजे डोकं बंद. ग्यानोबा निवृत्तीला आलेले. जुन्या गुन्हेगारांच्या घरी फेरी मारायची त्यांची रीत न्यारी होती. दारात बसायचं आणि पाणी मागायचं. चौकशी नाही, दमदाटी नाही. तांब्या कोण आणतं, कसा ठेवतं, एवढंच बघायचे. म्हणायचे, “मानसाला इचारलं तर खोटं बोलतंय साहेब. घर पान्यात कळतं.” मीही ती रीत करून पाहिली. चार घरी पाणी प्यालो आणि दोन दिवस पोट धरून बसलो.

त्या महिन्यात शिकवणीहून परतणाऱ्या मुलींच्या अंगचटीला कोणीतरी जात होतं. मी जुन्या गुन्हेगारांची नोंदवही उघडली आणि सगळ्यात लांबलचक नोंद असलेला माणूस निवडला. लिंबाजी, विहिरीवरच्या मोटारी चोरणारा.

“शेवटची नोंद बगा की,” ग्यानोबा म्हणाले. “पोरगी रांगाया लागली तवापासून पान कोरं हाय. आता मोटारी दुरुस्त करतोय. चोरी रगीवर चालती साहेब. गुडघे दुखाया लागले की भिंत उंच होती.”

“एकदा गुन्हेगार तो कायमचा गुन्हेगार.” हे वाक्य मला फार आवडायचं.

“हे काम येगळं हाय. ह्यातला मानूस भिंत चढत न्हाई, दारातून येतो, नमस्कार घेतो. वय झालं म्हनून सोडंलच असं न्हाई. आन पान त्याचंबी कोरंच असतंय.”

मी जीप काढली. सुपारी फुटायची राहिली, मुखेडकडचे पाहुणे चपला घालून निघाले. लिंबाजी ठाण्यात भांडला नाही. फक्त मधून मधून विचारायचा, “पाव्हने थांबलेत का?”

तोवर मला सुचलंच नव्हतं ते ग्यानोबांनी केलं. एका महिला शिपायाला मुलींकडे पाठवलं. मुलींनी सांगितलेला माणूस पन्नाशीचा, स्कूटरवाला, शांतता समितीत माझ्या शेजारी बसणारा. बैठकीची चिठ्ठी घेऊन ग्यानोबा त्याच्या घरी जात.

“दर बारीला पानी नवीच कामवाली आनायची,” ते म्हणाले. “एकबी टिकली न्हाई. मी बगितलं, पन बोललो न्हाई. तुमी घाईनं चुकलात, मी गप बसून.” त्या दिवशी त्यांनी कुणाकडेच पाणी मागितलं नाही.

तो माणूस आत गेला, लिंबाजी सुटला. पण सोयरीक मोडलीच होती. “वर्दीत उचललात, वर्दीतच माफी मागा,” ग्यानोबा म्हणाले, आणि एसटीनं मला मुखेडला घेऊन गेले. नवऱ्या मुलाच्या आजीपुढे मी उभा राहिलो. गैरसमज, परिस्थिती, कर्तव्य असे जड शब्द वापरून पाहिले. ग्यानोबांनी ते सोपे केले, “साहेबानं येड्यावानी केलं, मावशी. लिंबाजी सरळ मानूस हाय.”

आजीनं ऐकून घेतलं आणि मला वगळून त्यांच्याकडे वळली.

“पोरगी करतो आमी. आन ह्या साहेबाचं लगीन झालंय का?”

“न्हाई अजून.”

“कोन देनार? बगूनबी मानूस कळत न्हाई ह्याला.”