चंद्रहाससाठी तरंगता सूट

वृंदाने पास केलेला माल परत येत नाही, असं आयर्लंडमधल्या स्लायगोच्या त्या कारखान्यात सगळे म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत की वैतागून, हे कधी कळत नसे. हृदयात घालायच्या बारीक नळ्यांची एकही पेटी तिच्या सहीशिवाय दाराबाहेर पडायची नाही. घरीही तीच तऱ्हा. कुकरची शिट्टी उजेडाकडे धरून बघायची, दुधावरची तारीख दुकानात एकदा आणि घरी एकदा वाचायची. नवरा बाहेर निघाला की त्याच्या जॅकेटची चेन स्वतः गळ्यापर्यंत ओढून द्यायची. चंद्रहास म्हणायचा, "आता 'पास'चं स्टिकर पण लाव." लग्नाला बारा वर्षं झाली तरी हा विनोद त्याला शिळा वाटत नव्हता.

सप्टेंबरपासून मात्र तो ऐकू आला नाही. २०२० च्या त्या सप्टेंबरात त्याची आई नागपूरला करोनाने चार दिवसांत गेली. चुलतभावाने, रविंद्रने, फोनवर विचारलं होतं, "येतोस का? अंत्यविधी थांबवायचा का?" थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. चंद्रहास म्हणाला, "नको, उरकून घ्या." आणि ते शब्द त्याला जे लागले ते लागलेच. तो रडला नाही, जेवण टाकलं नाही, घरून चालणारं कॉम्प्युटरचं कामही बिनबोभाट करत राहिला. फक्त दर शनिवारी आणि रविवारी रॉड घेऊन समुद्रावर जायला लागला. नागपूरच्या माणसाला मासेमारीचं एवढं वेड लागावं याचं वृंदाला आधी हसूच आलं. बाहेर पडेल, चार माणसं दिसतील, बरंच आहे, असं तिने मनाशी म्हटलं.

जानेवारी उजाडला तसे निर्बंध पुन्हा कडक झाले. दुकानं बंद, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. पण त्यांचं घर रॉसेस पॉइंटला, गल्ली संपली की समुद्र. त्यामुळे चंद्रहासचं जाणं काही थांबलं नाही.

एका सकाळी शेजारच्या टॉमीने तिला कुंपणापलीकडून हाक मारली. टॉमी जन्मभर खेकड्यांच्या होडीवर राबलेला, आता सत्तरीचा. यानेच चंद्रहासला गळ टाकायला शिकवलं होतं.

"युअर मॅन जिथे उभा राहतो ना," टॉमी म्हणाला, "तिथे कुणी उभं राहत नाही. खालच्या ओल्या खडकावर. मोठी लाट आली की तो खडक पाण्याखाली जातो. मी सांगितलं त्याला."

"मग?"

"म्हणाला, ग्रँड, सगळं ठीक आहे." टॉमीने टोपी काढून पुन्हा घातली. "तुला सांगावंसं वाटलं, एवढंच."

त्या रविवारी तो परत आल्यावर वृंदाने त्याची पिशवी पाहिली. आमिषाचं पाकीट दुकानातून आणलं तसं सीलबंद होतं. दोन आठवड्यांपूर्वीचंही तसंच. गळाला काहीच न लावता हा माणूस चार-चार तास त्या खडकावर कशासाठी उभा राहत होता?

ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येकाला उलटतपासणी घेऊन हैराण केलं, तिला हा एक प्रश्न नवऱ्याला विचारता येईना. विचारला आणि त्याने खरं उत्तर दिलं तर? म्हणून प्रश्न विचारायच्या ऐवजी ती सूट शोधायला लागली.

हिवाळ्यात समुद्रावर जाणाऱ्यांसाठी तरंगते सूट मिळतात. आत फोम भरलेला, पाण्यात पडलात तर वर ठेवतो, थोडी ऊबही धरतो. वृंदाने झपाटल्यासारखं वाचून काढलं. अंगभर एकच की जॅकेट-पँट वेगळी? वेगळी घेतली तर जॅकेट वर सरकू नये म्हणून जांघेतून पट्टा हवा. मनगटाशी, घोट्याशी घट्ट बंद होणारा हवा. बेशुद्ध माणसाचं तोंड सूट वर करत नाही, त्याला लाइफजॅकेट वेगळं. तिने कारखान्यात करतात तसा तक्ता केला आणि जेवणाच्या टेबलावर त्याच्यापुढे ठेवला.

"यातला कुठला?"

"कुठलाही."

"माप सांग मग. छाती किती?"

"असेल तेवढी." त्याने तक्त्याकडे पाहिलंही नाही.

"रंग तरी?"

"काळा चालेल."

काळ्या पाण्यात काळा सूट कुणाला दिसणार होता? तिने अंगभर एकच असलेला भगभगीत नारिंगी मागवला, तोही एक माप मोठा, कारण आत दोन स्वेटर मावायला हवेत. गणवेश वाढत्या अंगाचा शिवणाऱ्या घरात वाढलेली ती. कपडा सैल असलेला बरा, यावर तिचा लहानपणापासून विश्वास.

सूट आला. चंद्रहासने तो खोक्यातून काढलासुद्धा नाही.

"आधी पाण्यात घालून बघायचा असतो," ती म्हणाली. "लिहिलंय तसं. उथळ पाण्यात."

"तू पास करून टाक ना."

"मी न तपासता पास करत नाही."

"मग नको करूस."

शनिवारी दुपारी होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर वृंदा स्वतः तो सूट घालून उभी राहिली. नवऱ्याच्या मापाचा सूट त्याच्या खांद्याएवढ्या बाईने घालून काहीच सिद्ध होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? तिला पोहता येत नव्हतं. टॉमीकडून आणलेला दोर तिने कमरेला बांधला आणि दुसरं टोक चंद्रहासच्या हातात दिलं. खरं तर एवढंच तिला हवं होतं. ते टोक त्याच्या हातात असायला हवं होतं.

"वेडेपणा आहे हा," तो म्हणाला. दोर त्याने एका हातात धरला, दुसरा हात खिशातच होता.

ती कमरेपर्यंत गेली आणि पाय उचलले. सूट तरंगला, पण ती त्याच्या आत खाली गेली. कॉलर कानांवरून वर चढली, नाकातोंडावर आली, आणि गळ्याच्या सैल कडेतून बर्फासारखं पाणी छातीवर उतरलं. श्वास आत गेला तो बाहेर येईना. ओहोटीचं पाणी तिला उतारापासून लांब ओढत होतं. कॉलरच्या फटीतून तिला चंद्रहास दिसला. तो नुसता उभा होता. हा आता असाच उभा राहणार, असं तिला वाटलं, आणि थंडीपेक्षा त्याच विचाराने ती गारठली.

मग तो पाण्यात शिरला. दोर ओढायचंही त्याला सुचलं नाही. बूट, पँट, लोकरी स्वेटर, सगळ्यासकट छातीएवढ्या पाण्यात येऊन त्याने तिला मानगुटीला धरलं आणि ओरबाडत उतारावर आणून टाकलं.

"अक्कल गहाण टाकलीस का?" तो किंचाळला. असा आवाज तिने चार महिन्यांत ऐकला नव्हता. "मेली असतीस ना! मी काय केलं असतं मग? बोल ना!"

तिचे दात वाजत होते. "मग तू... तू तिथे जातोस तेव्हा मी काय करते?"

तो एक पाऊल मागे सरला.

"खरं सांग मला. तिथून परत यायचं असतं ना तुला?"

त्याच्या स्वेटरमधून पाणी निथळत होतं. तो दगडावर खाली बसला, तिच्याकडे न बघता.

"दर वेळी नाही गं," तो म्हणाला.

हेच ऐकायला लागू नये म्हणून ती महिनाभर पट्टे, चेन आणि मापं बघत बसली होती. आता ऐकून झालं होतं. परत यायचंच नसेल त्याला कुठल्या मापाचा सूट पुरणार होता? ती रडली, मोठ्याने, तोंड न झाकता. तोही रडला, आईला हाका मारत, पहिल्यांदाच.

गाडीत हीटर लावून दोघं ओल्या कपड्यांनिशी बसली. वृंदाने डॉक्टरांचा शनिवारचा तातडीचा नंबर लावला. बोटं बधिर होती, दोनदा चुकला. कुणीतरी बाई फोनवर आली, तिने पेशंटचं नाव विचारलं. वृंदाने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

चंद्रहासने फोन तिच्या हातातून घेतला.

"मीच पेशंट आहे," तो म्हणाला, आणि आपलं नाव एकेक अक्षर करून सांगायला लागला.