डिलीट केल्यावर आलेली स्थळं

भूत, करणी, उतारा... असलं काही सांगणाऱ्यांची मी कायम खेचत आलोय. आता तुम्ही माझी खेचलीत तरी चालेल.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ एका लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटच्या ऑफिसात मी प्रोग्रॅमर आहे. लग्न ठरलेल्यांचे रेकॉर्ड प्रोग्रॅममधून रिक्वेस्ट पाठवून सर्च इंडेक्समधून, साइटच्या शोधयादीतून काढायचे, म्हणजे शोधणाऱ्याला ते दिसत नाहीत – हे माझं रोजचं काम.

माझी मोठी बहीण सुमनताई छत्तीस वर्षांची. आई-वडील गेल्यावर माझी शाळा, डबे, आजारपणं सगळं तिनंच केलं आणि त्यात तिचं वय निघून गेलं. तिची प्रोफाइल आमच्याच साइटवर होती. सहा वर्षांत एकही स्थळ आलं नव्हतं.

मागच्या वर्षी बार्शीच्या एका मुलीशी माझं जमत आलं. तिच्या वडिलांना साइटवर ताई दिसली. "थोरली अजून घरातच हाय व्हय?" मी सांगितलं, तिला लग्नच करायचं नाही. आणि दुपारी ऑफिसात ताईचा आयडी टाकून डिलीट रिक्वेस्ट पाठवली. कारणाच्या रकान्यात लिहिलं – लग्न ठरले. खोटं कुठं होतं? माझं ठरतच होतं की! शोधून पाहिलं, शून्य निकाल. खरं सांगतो, बरं वाटलं.

पुढच्याच रविवारी माळशिरसहून स्थळ आलं. साइटवर बघून! ताईनं आईची हिरवी साडी नेसली, पोहे केले. मुलाच्या आईनं तिच्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे.

"ही न्हवं. फोटोतली पोरगी कुटं हाय?"

मी इंडेक्स, डेटाबेस, बॅकअप सगळं धुंडाळलं. रेकॉर्ड कुठंच नाही, जिथून मी काढलंच नव्हतं तिथंही नाही. पण दर रविवारी नवं स्थळ यायचं, तेच विचारायचं आणि पोहे अर्धे टाकून उठायचं. ताई बशा विसळायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं... पण माझी सुपारी फुटायची होती, मी तोंड उघडलं नाही.

पाचव्या वेळी मी मुलाच्या आईला म्हणालो, "काकू, फोटो दाखवा."

त्यांनी मोबाइल पुढे केला. मला स्क्रीन कोरीच दिसली, पण त्यांचं बोट ओळींवरून फिरत होतं. "सुमन. आई-वडील न्हाईत..." मग त्यांनी मान वर केली. "आन तुमी कोन? हितं तर भाऊ न्हाय असं लिवलंय."

"बरोबर लिहिलंय की," ताई म्हणाली.

त्याच आठवड्यात ती अक्कलकोटला मावशीकडे राहायला गेली. स्थळं बंद झाली.

माझी लग्नपत्रिका द्यायला मी स्वतः गेलो. दार ताईनंच उघडलं. पत्रिका पूर्ण वाचली, मला पाणी दिलं आणि अगदी आदबीनं विचारलं, "तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?"

राग असता तर मी पाय धरले असते. राग नव्हता हो. याचा उलगडा मला आजही झालेला नाही.