मुक्या नावाड्याची समाप्ती

माझं माहेर कोकणात, खाडीच्या काठी. सातवीत शाळा सुटली. नवरा तिकडे रस्त्याच्या कामावर ट्रक चालवायला आला होता. लग्न झालं आणि मी त्याच्या गावी, समुद्रापासून लांबच्या गोरेगावला आले. माझं ‘काय गो’ ऐकलं की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यात वाईट काही नव्हतं, पण मी मुळातली घाबरट. दुकानात मीठ मागायचं तरी वाक्य आधी मनात घोळवून बघायची.

शेजारच्या खोलीत दवाखान्यातल्या सिस्टर भाड्यानं राहायच्या. त्यांची बदली झाली. सामान जीपच्या टपावर चढत असताना त्यांनी पुस्तकांचं एक खोकं माझ्या हातात ठेवलं. “मोठी कादंबरी आहे, पाच भाग. सहाव्यात संपते, तो यायचाय. आला की पाठवते. वाच गं, सातवी म्हणजे काही कमी नाही.” त्या वाक्याचे उपकार मी अजून फेडते आहे.

गोष्ट इथली नव्हेच. बर्फाचं राज्य, घराएवढे पक्षी, गादीवरून हाकललेली राजकन्या आणि तिला नदीपार नेणारा एक मुका नावाडी. धूळ लागू नये म्हणून मी पहिला भाग लाल फडक्यात बांधला होता. दुपारी आमच्या ओसरीवर बाया गोधड्या शिवायला बसत. त्यांच्यातल्या सगळ्यात वडील बाईंना सारं गाव आत्याबाई म्हणतं. त्यांनी लाल फडकं बघितलं, उठल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत पुस्तकाला हळदीकुंकू वाहून हात जोडले.

“आत्याबाई, पोथी नाही ती. गोष्टीचं पुस्तक आहे.”

“असू दे. कुंकू लागलं ते लागलं. आता वाच. पर सुरू केलं म्हंजे समाप्ती करावं लागते, बरं का. अर्धी पोथी घरात ठेवू न्हाई.”

तेव्हापासून आमचं पारायण सुरू झालं. मी डोक्यावर पदर घेऊन वाचायची. अध्याय मध्येच सोडायचा नाही. कुणाचं लेकरू रडलं तर दुसरीनं घ्यायचं. नदीचा भाग आला की सुया थांबत. तिथं कुणी समुद्र बघितलेला नव्हता. “होडी आडवी झाली तर काय करतेत गं?” असं मला विचारायच्या. मी वल्हं कसं धरायचं ते हात करून दाखवायची. माझ्या बोलण्याला आता कुणी हसत नव्हतं. हसल्याच तर मीही हसायची.

पाचवा भाग संपला तेव्हा नावाडी किल्ल्याच्या विहिरीत कोंडलेला आणि राजकन्या वर दोर शोधत. पुढे कोरं पान.

मग वाट बघणं सुरू झालं. सिस्टरना फोन केला की एकच उत्तर, “अजून नाही गं.” पावसाळे गेले, गोधड्या पुऱ्या होऊन पोरींच्या सासरी गेल्या. आमच्या थोरल्या जाऊबाई टोमणा मारायच्या, “तुझा नावाडी विहिरीत म्हातारा झाला असंल.”

त्याच जाऊबाईंना एकदा मोबाइलवर त्या गोष्टीची मालिका सापडली, हिंदीत. तांब्याला मोबाइल टेकवून आम्ही सगळ्या दुपारच्या बघायला बसलो. पहिल्याच भागात नावाडी राजकन्येला म्हणाला, “डरो मत.”

“आगं माय! हा तर बोलून राहिला!” आत्याबाई ओरडल्या. “मुका हाय ना तो?”

“पैसे घेतलेत त्यानं, बोलल न्हाई तर काय,” जाऊबाई म्हणाल्या आणि ओसरी हसून लोटपोट झाली.

हसणं तेवढंच. मालिकेवाल्यांनी पुस्तकाची वाट बघितली नाही, शेवट आपल्या मनानं करून टाकला. विहिरीतून निघालेला नावाडी शत्रूला फितूर निघाला, आणि राजकन्येनंच त्याला नदीत ढकललं. मग एकीनं विचारलं, “काहून गं, तू तर त्याला चांगला म्हणून वाचत होतीस? बराबर वाचलं होतंस ना?”

सातवीवाली मी. मलाच क्षणभर वाटलं, कुठं तरी चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी ओसरीवर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी एकटी पाचवा भाग उघडून नावाड्याची पानं परत वाचत बसले. तो चांगलाच होता. पण ते सांगायला समोर कुणी हवं ना. या बाया गेल्या तर मी पुन्हा मीठ मागायला घाबरणारी होणार, हे मला दिसत होतं.

शेवटी मीच आत्याबाईंच्या घरी गेले. जाऊबाई तिथंच बसल्या होत्या, म्हणत होत्या, “नारळ फोडा आन् मोकळ्या व्हा. मेला नावाडी, झाली समाप्ती.”

मी उंबऱ्यातूनच म्हटलं, “पुस्तकात नाही मेला तो. हवं तर परत वाचून दाखवते. लिहिणाऱ्यानं शेवट लिहिलाच नाही अजून.”

“लिहून राहिला का सोडून देलं?” आत्याबाईंनी विचारलं.

मी तिथूनच सिस्टरना फोन लावला, आवाज मोठा केला. “लिहितोय म्हणतो,” सिस्टर म्हणाल्या. “लोक शिव्या घालतात त्याला. वयही झालंय.”

आत्याबाई सावरून बसल्या. मग म्हणाल्या, “सुतक आलं तर पारायण थांबवतेत, मोडत न्हाईत. सुतक फिटलं की जिथं थांबलं तिथून पुढं. त्याच्या घरी काय तकलीफ हाय आपल्याला काय ठावं? टीव्हीवाल्यांनी मारला म्हणून आपण काहून मारायचा? थांबलंय म्हणावं.”

“मग तवर काय करायचं?” जाऊबाई म्हणाल्या.

“तवर? तू तर दुसऱ्या भागापासून येऊन राहिलीस. पहिला कुठं ऐकला तू?”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांच्या आधी जाऊबाईच आल्या, काखेत जुन्या लुगड्यांचं गाठोडं, नवी गोधडी घालायला. बाया जमल्या. दोन नव्या सुनाही होत्या, त्यांना कुणी तरी दाटीवाटीनं जागा करून दिली. मी पदर डोक्यावर घेतला. पहिलं वाक्य मनात घोळवून बघितलं, ती सवय काही जात नाही. पण वाचायला तोंड उघडणार तोच जाऊबाईंनी हात वर केला.

“थांब गं जरा. तो लिहिणारा... म्हातारा झालाय म्हणे. त्याला घरी टायमावर जेवायला घालणारं कुणी हाय का?”

मी म्हटलं, “असेल.”

“विचार सिस्टरला,” त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. “आता वाच.”