जायफळाचे वळसे

माझी नात सात महिन्यांची असताना माझ्या लेकीने तिला एकटीने झोपायला शिकवायचं ठरवलं. सोमवारी लेकीची रजा संपणार होती आणि नात मांडीवर हलवल्याशिवाय डोळे मिटत नव्हती. बिबवेवाडीहून हडपसरला मी मदतीला गेले ती दांडग्या अनुभवानिशी. अनुभव म्हणजे एक लेक वाढवली, तीही बरीचशी सासूबाईंनी.

पद्धत साधी होती. दुपारी बाळाला पाळण्यात ठेवायचं, दार ओढून घ्यायचं आणि रडू द्यायचं. आधी पाच मिनिटं, मग दहा. मधे जाऊन थोपटायचं, पण उचलायचं नाही. पहिले दोन दिवस नात आत रडली, लेक ओट्याला टेकून रडली आणि मी तीच तूरडाळ दोनदा निवडली.

"अगं, घे की तिला," मी म्हटलं.

"सोमवारपासून तू दिवसभर हलवत बसणारेस? कंबर बघ तुझी."

"कंबर तुझ्याच वेळी गेली."

"मग आता गुडघेही घालव."

बाळाची गुटी मात्र माझ्याकडे होती. आंघोळीनंतर मी सहाणेवर एकेक मुळी उगाळायचे. जायफळ झोपेसाठी, त्याचा एकच वळसा, असं सासूबाई सांगायच्या. तिसऱ्या दिवशी मी सात दिले. कदाचित आठ. तो आवाज पुन्हा ऐकवणार नव्हता, एवढंच खरं.

त्या दुपारी नात हूं की चूं न करता झोपली. लेकीने मला मिठी मारली. "आई, जमलं गं!" ते कौतुक मी चक्क घेतलं.

दुधाची वेळ टळून गेली तरी ती उठेना. लेकीने उचललं तर मान कलंडली. ओठ कोरडे, अंग तापलेलं. आम्ही रिक्षाने दवाखान्यात पोचलो तेव्हा माझ्या पायात चप्पल नव्हती.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. "काही औषध दिलंय का?"

"नाही," लेक म्हणाली. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते. एरवी माझं तोंड बंद करायला माणसं लागतात.

मग लेक रडत म्हणाली, "डॉक्टर, मी तिला रडू दिलं ना दोन दिवस, म्हणून तर नाही झालं?"

तेव्हा मात्र मी बोलले. जायफळ, वळसे, सगळं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फोन लावून मोठ्या हॉस्पिटलात खाट सांगितली. लेकीने मात्र पाहिलं. म्हणाली, "आई, तू घरी जा."

नात दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली, नीट दूध प्यायली. ते मला जावयाच्या मेसेजवरून कळलं.

बाळाला रडू द्यावं की नाही, मला आजही सांगता येत नाही. लेकीची पद्धत मला निर्दय वाटत होती. पण ती जे करत होती ते उघड करत होती, घड्याळ लावून, स्वतः रडत.

आता नात पाळणाघरात जाते. मी रविवारी भेटायला जाते. लेक मनापासून बोलते, माझ्या आवडीचं आलं घालून चहा करते. फक्त चहा टाकायला उठताना माझ्या मांडीवरून बाळाला उचलते आणि कडेवर घेऊन स्वयंपाकघरात जाते.